सात आठवड्यांची आई

गावात तिला सगळे पंक्चरताई म्हणत. गावाबाहेर रस्त्याला दोन फाटे फुटतात तिथे तिच्या वडिलांचं पंक्चर काढायचं दुकान होतं. वडील गेल्यावर ते तिने चालवायला घेतलं. थोरल्या भावाला, दादाला, त्यात गोडी नव्हती. तो दगडखाणीवर खडी फोडायच्या मशीनवर होता. दिवसभर त्या मशीनचा आवाज ऐकून घरी आलं की त्याला तोंड उघडायचाही कंटाळा यायचा. घरात बोलणारी होती ती वहिनी.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा ताई बत्तीस वर्षांची होती आणि स्वतःच्या लग्नाचा विषय तिने कधीच बंद करून टाकला होता. आता घरात दोन बायका, म्हणजे रोज भांड्याला भांडं लागणार, असं शेजाऱ्यांनी धरूनच चाललं होतं. झालं भलतंच. वहिनी दुपारी डबा घेऊन दुकानावर यायची, जुन्या टायरांच्या चवडीवर बसायची आणि गावातल्या माणसांच्या नकला करायची. पोस्टमन पत्र देण्याआधी पत्ता कसा मोठ्याने वाचतो. दवाखान्यातल्या सिस्टर "काही दुखत नाही गं" म्हणता म्हणता सुई कशी खुपसतात. दादा "हं" या एका अक्षरात सहा वेगवेगळी उत्तरं कशी देतो. ताई इतकी हसायची की घमेल्यातल्या पाण्यात धरलेली ट्यूब हातातून सुटायची आणि बुडबुडा कुठून आला तेच हुकायचं.

"ए पंक्चर, कामाकडे बघ," वहिनी म्हणायची. "गिऱ्हाईक चालत घरी जाईल तुझं."

आयुष्यात कुणीतरी रोज ठरल्या वेळी आपल्यासाठी म्हणून येतं, हे ताईला पहिल्यांदाच मिळालं होतं. ती ते कुणाला बोलली नाही. पण साडेबारा वाजले की तिचे डोळे गावाच्या रस्त्याकडे लागायचे.

तिसऱ्या वर्षी वहिनीला मुलगी झाली. गावातल्या दवाखान्यातच झाली, सिस्टरांच्या हातून, काही अडचण न येता. मुलगी इवलीशी आणि गोल डोळ्यांची होती. वहिनीने तिला बघितल्या बघितल्या "ठकू" म्हटलं आणि तेच नाव चिकटलं.

पहिला आठवडा बरा गेला. मग वहिनीची झोप उडाली. तान्ह्या पोरीच्या आईला झोप कुठली, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पण ठकू झोपली तरी वहिनी जागीच असायची. भराभरा बोलायची, एक वाक्य अर्ध्यावर टाकून दुसरं धरायची. एकदा तिने सगळी भांडी तीनदा घासली. एकदा ताईच्या कानाशी येऊन म्हणाली, "पाण्याचा वास बदललाय. तुला येत नाही?" ताईने घागरीत नाक खुपसून वास घेतला. पाणी नेहमीसारखंच होतं.

"दादा, वहिनीचं काहीतरी बिनसलंय," ती भावाला म्हणाली.

"हं," दादा म्हणाला. या वेळच्या "हं"चा अर्थ ताईला लागला नाही.

तेराव्या दिवशी सकाळी ताई दुकानाकडे निघाली होती. दारातून मागे वळून पाहिलं तर वहिनी खोलीच्या मधोमध उभी, हात रिकामे, आणि पाळण्यात ठकू नाही.

"ठकू कुठंय?"

"नेली नाही अजून," वहिनी हळूच म्हणाली. "मी नेऊच देणार नाही. ते आले की तू सांग, इथे बाळ नाहीच."

ताई परत आत आली. तिने पाळण्याखाली पाहिलं, गादीमागे पाहिलं, न्हाणीघरात पाहिलं. मग कोपऱ्यातली कपड्यांची लोखंडी पेटी दिसली. झाकण पुरतं बसलेलं नव्हतं, फटीत एक चप्पल अडकवलेली होती. ताईने झाकण उचललं. ठकू घडी केलेल्या साड्यांवर निजलेली होती, घामाने भिजलेली, तोंड उघडं. ताईने तिला उचललं तशी ती कर्कश रडली, आणि ते रडणं ऐकून ताईच्या जिवात जीव आला.

शेजारणी जमल्या. एक म्हणाली, खोलीत घालून बाहेरून कडी लावा. दुसरी म्हणाली, हात बांधा, दोन दिवसांत उतरेल. ताईने कुणाचं ऐकलं नाही. दादाला खाणीवर निरोप पाठवला, ठकूला पोटाशी बांधलं आणि वहिनीला म्हणाली, "चल, पाणी तपासून घेऊ दवाखान्यात."

वहिनी लगेच निघाली. पाण्याची बाटली तिने स्वतः भरून घेतली.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक व्हरांडा. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे आणि तो दिवस त्यांचा नव्हता. सिस्टरांनी वहिनीकडे एकदा नीट पाहिलं, ताईचं बोलणं ऐकून घेतलं, आणि बाहेर बसलेल्या पेशंटांना "उद्या या" म्हणून परत पाठवलं. लस टोचायच्या खोलीतून त्यांनी कात्र्या, बाटल्या, स्टोव्ह, सगळं उचलून बाहेर नेलं. खिडकीचा पडदा दोरीसकट काढला. मग वहिनीला आत घेऊन त्या तिच्यासोबत खाली फरशीवरच बसल्या.

"हे बाळंतपणानंतर येणारं आजारपण आहे," त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या ताईला हळू आवाजात सांगितलं. "क्वचित येतं, पण येतं. बरं होतं. फक्त यात थांबून चालत नाही. आजच्या आज शहरात हलवायला हवं."

त्यांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडच्या माणसाने विचारलं, पेशंट मारतो का. सिस्टर म्हणाल्या, नाही. त्याने विचारलं, मग पोलिसांची गाडी का नाही बोलवत, अशा केसेस तेच नेतात.

"तिने चोरी केलेली नाही," सिस्टर म्हणाल्या. "ती बाळंतीण आहे आणि आजारी आहे. गाडी पाठवा."

गाडी दुसऱ्या टोकाला एका अपघाताला गेली होती. चार तास लागणार होते. शहरातल्या इस्पितळाच्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई मात्र फोनवर लगेच भेटल्या. त्यांनी सगळं विचारून एक गोळी सांगितली. ती नाही घेतली तर इंजेक्शन, पण ते धरूनबांधून द्यावं लागेल, तेव्हा आधी गोळीच देऊन बघा, म्हणाल्या. कपाटाच्या तळाशी सिस्टरांना ती गोळी सापडली.

वहिनीने ती सिस्टरांच्या हातून घेतली नाही. दादा तोवर खाणीवरून धावत आला होता, केसांत खडीची पांढरी धूळ तशीच. त्याच्याही हातून घेतली नाही. तिने ताईकडे बघितलं.

"तू पण त्यांच्यातलीच का?"

काहीतरी गोड बोलावं असं ताईला वाटलं, पण खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. ती वहिनीसमोर खाली बसली.

"कोण त्यांच्यातलं आणि कोण आपल्यातलं, मला कळत नाही गं," ती म्हणाली. "मला एवढंच कळतं की चार दिवस तुझ्या डोळ्याला डोळा नाही. ही झोपेची आहे. सिस्टर म्हणतात, आणि मला त्यांचं खरं वाटतं."

वहिनीने हातातली पाण्याची बाटली खाली ठेवली. मग तिने हात पुढे केला.

गाडी आली तेव्हा दुपार कलली होती. वहिनीची जीभ जड झाली होती, पण ती जागी होती. ड्रायव्हर उतरला आणि ताईच्या खांद्यावरच्या ठकूकडे बघून म्हणाला, "बाळ नाही नेता येणार. तिथल्या वॉर्डात तान्ही मुलं घेत नाहीत. आणि सही करायला नवरा पाहिजे." त्याला हे बोलताना बरं वाटत नव्हतं, ते दिसत होतं.

दादा गाडीत चढला. वहिनीला चढवताना तिने मध्येच पाय रोवले आणि ताईकडे वळून, अगदी पूर्वीच्या, रोजच्या आवाजात म्हणाली, "तिला उजव्या खांद्यावर घे. डाव्यावर रडते."

दार लागलं. गाडी फाट्यावरून, ताईच्या बंद दुकानासमोरून शहराकडे गेली. ताईने ठकूला डाव्या खांद्यावरून उजव्यावर घेतलं आणि मग तिला रडू आवरलं नाही.

शहर पाच तासांवर होतं. दादा आठ दिवस इस्पितळाच्या बाकड्यावर झोपला. मग खाणीवरून बोलावणं आलं तसा परतला, आणि दर रविवारी पहाटेच्या बसने जाऊ लागला. ठकू ताईकडे राहिली.

पावडरचं दूध कसं करायचं, बाटली किती वेळ उकळायची, ढेकर कसा काढायचा, सगळं सिस्टरांनी शिकवलं. ताईने दुकानाच्या आतल्या खुंट्यांना जुन्या साडीची झोळी बांधली. वंगणाचे हात दिवसातून वीस वेळा साबणाने धुऊन तिच्या बोटांची सालं निघाली. ट्रकवाले हॉर्न न वाजवता थांबायला लागले. एका मिशाळ ड्रायव्हरने तर, चाकात हवा भरून होईपर्यंत, झोळीला झोके दिले आणि निघताना म्हणाला, "ताई, तुमची हेल्पर झोपा काढते फार."

वहिनी असती तर या माणसाची नक्कल तिने महिनाभर पुरवून पुरवून केली असती. ताईने संध्याकाळी ठकूसमोर ती करून पाहिली. मिशीवरून हात फिरवला, आवाज जाड काढला. ठकूने जांभई दिली. साडेबारा वाजले की अजूनही ताईचे डोळे रस्त्याकडे जायचे, आणि रस्त्यावरून डबा घेऊन कुणी येत नसायचं. आठवण एवढी दुखते, हे तिला ठाऊक नव्हतं. वडील गेले तेव्हाही असं झालं नव्हतं. गेलेल्या माणसाची वाट तरी बघावी लागत नाही.

तिसऱ्या रविवारी दादाने इस्पितळातून फोन लावला आणि वहिनीच्या हातात दिला.

"ताई," वहिनी म्हणाली. आवाज तिचाच होता, पण खूप खालून, खूप हळू येत होता. "कशी आहे ती?"

"छान आहे. वजन वाढलंय. झोपलीय आत्ता."

"आवाज ऐकव ना तिचा."

ताईने फोन ठकूच्या नाकापाशी धरला. मिनिटभर धरून ठेवला. "आला ऐकू?"

"पंख्याचा येतोय."

"थांब, उठवते."

"नको नको. झोपू दे." मग म्हणाली, "माझं दूध आटलं गं. औषधांनी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आटणारच. छाती भरून दुखायची तेव्हा निदान तिची आठवण तरी होती."

फोन ठेवल्यावर ठकू उठली आणि तासभर बेंबीच्या देठापासून रडली.

पाचव्या आठवड्यात सिस्टरांनीच डॉक्टरीणबाईंशी बोलून परवानगी काढली. वॉर्डात नाही, पण मागच्या अंगणात अर्धा तास बाळाला आणू द्यायचं ठरलं. ताईने दुकान बंद ठेवलं आणि ठकूला घेऊन दादाबरोबर बसने गेली.

अंगणात सिमेंटचं बाकडं होतं आणि भिंतीला लागून दोरीवर पांढऱ्या चादरी वाळत होत्या. वहिनी एका परिचारिकेबरोबर पावलं मोजत आली. चेहरा सुजल्यासारखा, केस कुणी दुसऱ्यानेच विंचरलेले. ताईने ठकूला पुढे केलं, तशी ती दोन पावलं मागे सरली.

"मी नको. तूच घे."

"अगं, तुझी आहे."

"मला सगळं नाही आठवत, ताई. पण पेटी आठवते." तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. "मी तिला पेटीत घातलं. स्वतःच्या हातांनी. असले हात लावू तिला?"

दादा खाली मान घालून बसला होता. ताई वहिनीच्या जवळ जाऊन उभी राहिली.

"पेटीच्या झाकणात चप्पल होती," ती म्हणाली.

"काय?"

"फटीत तुझी चप्पल अडकवली होतीस. झाकण बसू नये म्हणून. मी स्वतः काढली ती. डोकं ठिकाणावर नव्हतं, तेव्हाही तिला हवा लागते हे तुला ठाऊक होतं."

वहिनीने विचारलं, "खरं सांगतेस? का मला बरं वाटावं म्हणून?"

"मला कधी जमलंय का तसलं?"

दादाने मान वर केली. "तिला नाही जमत," तो म्हणाला. गेल्या महिन्यातलं ते त्याचं सगळ्यात मोठं वाक्य होतं.

वहिनी बाकड्यावर बसली. तिने पदर पसरून मांडी नीट केली आणि ताईने ठकूला तिच्या मांडीवर ठेवलं. ठकूने आईकडे पाहिलं, मग ताईकडे, आणि ओठ काढला. वहिनीने तिच्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरला, तेवढाच. अर्धा तास संपेपर्यंत तिने तो सोडला नाही.

सात आठवड्यांनी वहिनी घरी आली. गोळ्या चालू होत्या. ती संथ झाली होती. प्रश्न विचारला की उत्तर यायला वेळ लागायचा. ठकू तिच्या हातात गेली की रडायची आणि ताईचा आवाज आला की तिकडे मान वळवायची. ताई धावत यायची, उचलायची, आणि पोर क्षणात गप्प व्हायची. हे चार-पाच दिवस चाललं. मग सिस्टर घरी येऊन सगळं बघून गेल्या, आणि जाताना ताईला दाराबाहेर घेऊन गेल्या.

"तू चांगलंच केलंस सगळं," त्या म्हणाल्या. "आता थोडी मागे सर. तिला एकटीला सोडायचं नाही, घरात कुणीतरी पाहिजे. पण पोर रडली की पहिल्यांदा तू उठायचं नाही."

"आणि मी काय करायचं तेव्हा?"

सिस्टरांनी तिचा खांदा थोपटला आणि स्कूटर चालू केली.

तेव्हापासून दिवसा शेजारची म्हातारी वहिनीच्या सोबतीला बसायला लागली आणि ताई परत पूर्ण वेळ दुकानावर जायला लागली. संध्याकाळी घरी असताना ठकू रडली की ती चुलीशी उगाच काहीतरी ढवळत बसायची. दहा दिवसांनी रडणं कमी झालं. महिन्याने ठकू आईच्या खांद्यावर झोपायला लागली. ताईला बरं वाटलं, खरंच वाटलं. तरी दुकानात ट्यूब पाण्यात धरताना मध्येच तिचे हात थांबायचे. एवढं वजन हातांना सवयीचं झालं होतं, ते आता कुठेच नव्हतं.

थंडी सरता सरता वहिनी पुन्हा दोन रात्री झोपली नाही. आता तिचं तिलाच कळलं. सकाळी तिने स्वतःच ताईला उठवलं आणि म्हणाली, "दवाखान्यात चल." सिस्टरांनी फोनवर विचारून गोळी वाढवली आणि तीन दिवसांत सगळं जागेवर आलं. पण ते तीन दिवस घरात कुणी नीट श्वास घेतला नाही. गाडी पुन्हा चार तासांनी आली असती, आणि चार तास वाट बघणं काय असतं ते त्या घराने पाहिलं होतं. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई दादाला म्हणाल्या, "निदान दोन-तीन वर्षं इतक्या लांब राहू नका."

दादाला शहराजवळ एका बांधकामावर मशीन चालवायचं काम मिळालं. एका खोलीचं घर मिळालं.

"तू पण चल," वहिनी म्हणाली. त्या दोघी अंगणात कपडे वाळत घालत होत्या. "तिथे काय कमी पंक्चरं होतात का?"

ताईने त्यावर रात्रभर विचार केला होता. ती गेली असती तर ठकू पुन्हा तिच्याकडेच झेपावली असती. दोघींच्या मध्ये तिसरी कडेवर घ्यायला तयार उभी राहिली तर त्या दोघींचं नातं कधी पुरं जमणार? हे बोलता आलं नाही.

"दुकान कोण बघेल?" ती म्हणाली.

वहिनीने हातातली ओली चादर दोरीवर टाकली, कडा सारख्या केल्या. "तुला खोटं जमत नाही, ताई," ती म्हणाली, आणि चादरीआडून तिचा रडण्याचा आवाज आला.

बस सकाळी सातची होती. ठकू झोपेतच गेली.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी एका दुपारी सिस्टर स्कूटरच्या चाकात हवा भरायला दुकानावर आल्या. ताईने नळी लावली.

"कशा आहेत सगळे?"

"बरे आहेत. वहिनी आता पाळणाघरात मदतीला जाते, ठकूला घेऊन. काल फोन होता. ठकू भिंत धरून चालते म्हणे." ताईने काटा बघितला, नळी काढली. मग मान वर न करता विचारलं, "सिस्टर, एवढी लहान मुलं माणूस विसरतात का हो?"

"विसरतात," सिस्टर म्हणाल्या. "पण पुन्हा ओळख करून घेतात. वेळ लागतो."

"किती?"

"कधी अर्धा तास, कधी दोन दिवस. पोरीवर आहे."

ताईने मागच्या चाकाचीही हवा बघून दिली. स्कूटर वळणाआड गेल्यावर तिने पाने आणि ठिगळांचा डबा आत ठेवला, घमेल्यातलं पाणी ओतून दिलं, दुकानाला कुलूप लावलं, आणि शहराला जाणारी सकाळची बस आता नक्की किती वाजता सुटते ते विचारायला स्टँडकडे चालायला लागली.